उष्टी बाटली

१

श्रीशैल हत्तरकीच्या तोंडातून बारा वर्षांत काही हजार बाटल्या गेल्या असतील, पण घशाखाली एक थेंब उतरला नव्हता. ऐकणारे हसायचे. हसणारच की! वाइनची परीक्षा करून पोट भरणारा माणूस म्हणतो मी वाइन पीत नाही, तर कोण हसणार नाही? पण गोष्ट खरी होती, आणि तिच्यामागं शांतव्वा होती.

शांतव्वा त्याची आई. लिंगायताचं घर, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, तीन पिढ्या कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाचा व्यापार. अशा घरातला पोरगा नाशकाला जाऊन वाइनची परीक्षा शिकून आला, हे कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच तोड काढली. "तोंडात घेतोस ते घे," ती म्हणाली. "चव बघणं हा धंदा हाय. तुझ्या अज्जानं जलमभर गुळाची चवच बघितली की. पण घशाखाली उतरवायची न्हाय. उतरली की ती दारू."

त्यानं ते पाळलं. नुसतं पाळलं नाही, त्याची कला केली. घोट जिभेवर पसरायचा, ओठ जरा उघडून त्यावरून हवा आत ओढायची, दोन्ही गालांत फिरवायचा आणि बारीक धारेनं दोन हातांवरच्या डब्यात सोडायचा. कपड्यावर शिंतोडा नाही. कामाच्या दिवशी सकाळी पेस्ट नाही, चहा नाही, तिखट नाही. साध्या पाण्याच्या चुळा आणि खिशात बिनफोडणीच्या चुरमुऱ्यांची पुडी. दोन घोटांच्या मध्ये चिमूटभर चुरमुरे चावले की जीभ कोरी होते. एवढं सोवळं तर शांतव्वा पूजेलाही पाळत नसेल.

त्या आठवड्यात मात्र त्याचं अर्धं लक्ष रविवारकडं होतं. रविवारी पुट्टीचं उष्टावण होतं. पुट्टी म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीची, रक्षिताची, सहा महिन्यांची मुलगी. रक्षिता कागलला दिलेली. नऊ वर्षं वाट बघितली, दोनदा पोटातच गेलं, आणि मग ही आली. बाळंतपणापासून मायलेकी शाहूपुरीतच होत्या. श्रीशैलचं स्वतःचं लग्न राहूनच गेलेलं, त्यामुळं त्याचं सगळं जग त्या साडेसहा किलोच्या गाठोड्यात आलं होतं. बाळाला पहिला घास मामानं भरवायचा. त्याच्या आधी तिच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काही गेलेलं नसतं. या एका घासासाठी तो महिनाभर दिवस मोजत होता.

२

बुधवारी त्याला विजयसिंहांनी बोलावलं. हायवेवर, कागलच्या अलीकडं त्यांचं मोठं हॉटेल. मटणाच्या ताटावर मोठा झालेला माणूस; आता हॉटेलच्या वरच्या मजल्यावर साहेबी खाणावळ काढायची टूम डोक्यात. त्यासाठी फ्रान्सची बारा बाटल्यांची एक जुनी पेटी मागवली होती. बोर्दोची तांबडी, चार जातींच्या द्राक्षांचा मेळ घातलेली, वीस वर्षांची. माल खरा आहे का, टिकलाय का, एवढं श्रीशैलनं सांगायचं आणि कागदावर चार ओळी लिहून द्यायच्या.

"या पावणं!" विजयसिंह जिन्यातूनच ओरडले. "रस्सा तयार हाय, आदी जेवताय का आदी काम?"

"आधी काम. आणि मी शाकाहारी, साहेब."

"त्ये बी हाय की! वांगं हाय, झुणका हाय."

बाटल्यांसाठी त्यांनी मागच्या बाजूला एक खोली केली होती. खिडकी नाही. भिंतीत गार हवेचं यंत्र, त्याची एकसुरी घरघर, आणि मधेच ते बंद पडलं की खोली एकदम बहिरी व्हायची. श्रीशैलनं टेबलावर पांढरा कागद पसरला, तीन पेले मांडले, स्टीलचा डबा डाव्या हाताला ठेवला. पहिल्या बाटलीवरचं मेण शाबूत होतं. बूच लांब, कोरडं, टोकाला तेवढं जांभळं. ते सबंध निघालं. कुठं भेग नाही, गळती नाही. वीस वर्षांत या बाटलीला कुणी हात लावला नव्हता, हे तो कोर्टात शपथेवर सांगू शकला असता.

रंग सुरेख होता. मध्ये गडद, कडेला विटकरी. वास घेतला आणि त्याला बरं वाटलं. काळ्या मनुका, तंबाखूचं पान, पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तसा लाकडाचा वास, खाली ओल्या मातीचा. मेळ फार हुशारीनं घातलेला. पेला फिरवला तसे काचेवरून ओघळ उतरायला लागले. चांगल्या वाइनचे उतरतातच. त्यातला एक मात्र मागं राहिला. बाकीचे विरून गेल्यावर तो सावकाश, तार धरून खाली आला. श्रीशैलनं ते पाहिलं आणि सोडून दिलं.

मग घोट घेतला.

पेला हाताला गार लागत होता. घोट कोमट होता.

कोमट म्हणजे कसा? उन्हात राहिल्यासारखा नाही. अंगातल्या उबेइतका. आणि त्याच्यावर एक बुळबुळीत पातळ साय. मनुका होत्या, तंबाखू होता, सगळं जागच्या जागी होतं. पण ते कुणीतरी आधी खाऊन झालेलं होतं. लहानपणी वर्गातल्या पोरानं अर्धी चोखलेली लिमलेटची गोळी त्यानं एकदा न बघता तोंडात टाकली होती. तेच! तीच ती दुसऱ्याच्या तोंडाची, सकाळच्या न धुतलेल्या तोंडाची चव. त्यानं धार सोडायचीही वाट पाहिली नाही, भसकन डब्यात थुंकला. शर्टावर शिंतोडे उडाले.

"काय झालं?" विजयसिंह दचकले.

"काही नाही," श्रीशैल म्हणाला. जिभेवरून रुमाल ओढत त्यानं स्वतःला समजावलं की बूच कुजलं असेल, कुठला तरी जंतू असेल. वाइनला शंभर रोग होतात. त्या शंभरांची नावं त्याला पाठ होती, आणि त्यात हा नव्हता.

३

त्यानं मूठभर चुरमुरे चावले. चुळा भरल्या. दुसरी बाटली फोडली.

मेण शाबूत, बूच शाबूत. वास आणखी देखणा. आणि घोट उष्टा.

या वेळी त्यानं मन घट्ट केलं आणि परीक्षकासारखा तो तोंडात धरला. किळस येते म्हणून काय काम सोडायचं? त्यानं एक-एक चव बाजूला काढून बघितली. द्राक्ष हे. लाकूड हे. मग उरलं ते काय? उरलं ते तोंड. म्हातारं तोंड, पण रोगी नाही. चाखायची सवय असलेलं. या माणसानं घोट नुसता तोंडात घेतला नव्हता. पसरला होता, हवा ओढली होती, गालांत फिरवला होता आणि मग परत सोडला होता. श्रीशैलला हे कसं कळलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. गवंड्याला दुसऱ्या गवंड्याचा हात ओळखू येतो, तसं. तो थुंकला आणि टेबलाची कड धरून उभा राहिला.

यंत्राची घरघर बंद पडली होती.

"आवो, बाटलीत काय खोट हाय का माझ्यात?" विजयसिंह वैतागले. त्यांनी स्वतःच्या पेल्यात ओतून घेतली, एका दमात घेतली, मिशीवरून हात फिरवला. "झ्याक हाय की! काय तरी येगळीच मजा हाय हिच्यात. जिवंत लागतीया."

"तुम्हाला काही... उष्टं लागत नाही?"

"सीलबंद बाटली उष्टी?" ते खदाखदा हसले. मग हसू थांबलं. माणूस मनानं मोठा, पण मान लागायचा त्यांना फार. "पावणं, एक सांगू? मगाधरनं बघतोय, आमच्या घरात येऊन तुमी थुकताय. धंद्याची रीत आसंल तुमची. पर आमच्यात पाव्हण्यानं तोंडातलं थुकलं म्हंजे काय हुतं, म्हाईत हाय न्हवं?"

"साहेब, मी घशाखाली..."

"एक घोट! माझ्या हातचा एक घोट. मग हाय त्ये लिवा, न्हाय त्ये लिवा."

कोल्हापुरातला आग्रह ज्यानं सोसलाय त्याला पुढचं सांगायला नको. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. तिसरी बाटली त्यांनीच फोडली, पेला श्रीशैलच्या ओठाला लावला, आणि तो तोंड बाजूला घेईपर्यंत घोट आतही गेला. आता थुंकायचं म्हणून तो वळला तर डबा जागेवर नव्हता. विजयसिंहांनी तो उचलून दाराबाहेर ठेवला होता आणि दारात हात बांधून, पोरासारखे हसत उभे होते.

श्रीशैल तोंड भरून उभा राहिला. कोमट, बुळबुळीत, जड. बारा वर्षांत इतका वेळ घोट त्यानं कधी धरला नव्हता. रुमाल काढावा, कागदावर सोडावा, खाली फरशीवर थुंकावं. तो हात खिशाकडं नेतच होता.

तेवढ्यात तोंडातला घोट हलला. त्यानं हलवला नव्हता. डाव्या गालातून तो सावकाश उजव्या गालात गेला, आणि ओठांच्या फटीतून थोडी हवा आत ओढली गेली.

भीतीनं त्यानं गिळलं.

"हां! आता कसं!" विजयसिंह म्हणाले.

४

घरी आल्यावर त्यानं शांतव्वाकडं बघितलं नाही. बारा वर्षांचा शब्द एका घोटात गेला, हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार? त्याला वाटलं हीच टोचणी मनाला लागलीय, तिनंच जेवण नकोसं झालंय. जेवायला बसला. तव्यावरची भाकरी, भरीत, दही. भाकरी पापुद्रा सुटलेली, चटके बसतील अशी. त्यानं तुकडा मोडला, भरीत घेतलं, तोंडात घातला आणि त्याच्या दातांना चावायला काही उरलंच नव्हतं. तुकडा आतून आधीच चावलेला होता. मऊ, ओला, लाळेनं मळलेला.

तो मोरीकडं पळाला.

"अय्यो, काय झालं रे?" शांतव्वा मागं आली.

"पित्त."

"त्या बाटल्याच बाधल्यात तुला. साकु आता, सोड हे काम." साकु म्हणजे पुरे, चिडली की तिच्या तोंडात कन्नड येई.

त्यानं माठातलं पाणी घेतलं. पाण्याला कसली चव? पाण्याला चव नसते म्हणून तर ते पाणी. पण ते ओठाशी गार होतं आणि जिभेवर कोमट झालं. कुणीतरी खळखळून भरलेली चूळ. गुरुवारी त्यानं नारळ आणला, स्वतःच्या हातानं फोडला, पाणी उष्टं. केळं सोललं, उष्टं. तांदळाची साधी पेज गाळून घेतली आणि डोळे मिटून औषधासारखी ढोसली, तर पेज घशात उतरायच्या आधी कुणीतरी ती शांतपणे, चवीनं फिरवून घेतली. मग थोडी तुच्छता वाटल्यासारखी जीभ टाळ्याला लागून टक्क वाजली. त्याचीच जीभ. त्यानं वाजवली नव्हती.

एवढा शहाणासुरता माणूस! त्यानं कारणं शोधली. करोनानंतर त्याच्या ओळखीच्या एका परीक्षकाला वर्षभर सगळ्याला जळक्या रबराचा वास यायचा. तसलंच काही असेल. नस बिघडली असेल. मेंदू थकला असेल. कारणं चांगली होती, पण कुठलंही कारण कोमट नव्हतं आणि कुठल्याही कारणाला लाळ नव्हती.

संध्याकाळी रक्षितानं पुट्टीला त्याच्या मांडीवर टाकलं. ती रोजच्यासारखी त्याच्या तोंडाशी खेळायला लागली. ओठ ओढायचा, बोटं आत घालायची, हा तिचा आवडता उद्योग. आज बोटं ओठांना लागली तशी त्याच्या तोंडात त्या दुसऱ्यानं लाळ सोडली. भूक लागल्यावर सुटते तशी.

त्यानं तोंड घट्ट मिटलं आणि पुट्टीला इतक्या घाईनं रक्षिताच्या हातात दिलं, की पोरगी भोकाड पसरून रडली.

५

शुक्रवारी तो संयोगिताकडं गेला. संयोगिता शाळेतली मैत्रीण, आता राजारामपुरीत दातांची डॉक्टर. तोंडाला फटकळ, हाताला हलकी. तिनं त्याला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, आरसा आत घातला.

"दात तर घोड्यागत हायत तुझे," ती म्हणाली. "हिरड्या चांगल्या. जीभ चांगली. कशाला आलास?"

"तोंडात कुणीतरी आहे असं वाटतं." तो हसण्यावारी नेत म्हणाला.

"असतंय. कोट्यवधी जंतू असत्यात." तिनं मेणाची एक मऊ पट्टी त्याच्या दातांत धरली. "चाव. एकदाच. चावण्यात काय फरक पडलाय का बघू."

तो चावला. एकदाच. तिनं पट्टी काढली, दिव्याखाली धरली. बाहेरच्या खोलीत एक पोरगं रडत होतं, पाण्याच्या नळीची सुरसुर चालू होती. संयोगितानं पट्टी उलटी करून पुन्हा बघितली.

"दोनदा चावलास."

"एकदाच."

"गप. दोनदा चावलास, दुसऱ्यांदा पट्टी हलली." तिनं पट्टी त्याला दाखवली नाही, पण तो उठून बसला होता आणि त्याला दिसली. त्याच्या दातांची रांग बाहेरून होती, ठळक. तिच्या आत, जिभेच्या बाजूला, दुसरी रांग होती. लहान, झिजलेले दात. मधला एक नव्हता. श्रीशैलचे बत्तीसच्या बत्तीस होते.

"हलली असेल," तो म्हणाला.

"हललीच." तिनं पट्टी पायानं उघडायच्या डब्यात टाकली. मग हातमोजे काढून तिनं साबणानं हात धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुताना तिनं पाठ फिरवूनच सांगितलं, "श्रीशैल, तू मोठ्या दवाखान्यात दाखव. आणि जाताना तोंड मिटून जा, बाहेर लहान पोरं बसल्यात."

६

शनिवारी विजयसिंहांचा फोन आला.

"पावणं, काय केलंसा वो? त्या दिवशी तुमी गेला, आनि मी चौथी बाटली फोडली. काय मजाच न्हाय. पाचवी फोडली, तसंच. वाईट न्हाय, चांगली हाय, स्वच्छ हाय. पर त्यातलं काय तरी निघून गेल्यागत लागतंय बगा. तुमच्या म्होरं फोडलेल्या त्या तीन बाटल्यांत उरलंय, त्यात बी न्हाय ऱ्हायलं."

"कधीपासून?"

"तुमी घोट घेतला तवापास्नं की."

श्रीशैलनं फोन ठेवला. तीन दिवसांत पोटात पेजेशिवाय काही नव्हतं. पण आता त्याला एक गोष्ट लख्ख कळली होती. ते बाटल्यांत होतं, आता बाटल्यांत नाही. ते त्याच्या तोंडात आलं, तसं तिथून दुसऱ्या तोंडातही जाऊ शकतं. आणि उद्या रविवार.

तो रक्षिताकडं गेला. ती उद्याच्या खिरीसाठी गहू निवडत होती. पुट्टी शेजारी पालथी पडून स्वतःची मूठ चोखत होती.

"रक्षी, उद्या तू भरव. नाहीतर सोमेशला सांग." सोमेश तिचा नवरा.

रक्षितानं सूप खाली ठेवलं. "काय बोलतोयस अण्णा? मामा जित्ता असताना बापानं भरवायचं? माझ्या सासरची माणसं काय म्हणतील? आणि ती ऱ्हाऊ दे. मी काय समजू? दोन दिवस झाले, तू तिला घेत न्हाईस. तिच्याकडं बघून तोंड फिरवतोस. काय चुकलं आमचं?"

"मला बरं नाही. तिला काही लागेल माझ्यामुळं."

"ताप हाय? खोकला हाय?"

"नाही."

"मग?" तिचे डोळे भरले. "नऊ वर्षं, अण्णा. तूच माझ्याबरोबर दवाखान्यात बसलास प्रत्येक वेळी. तुझ्या हातनं तिनं पहिलं खावं एवढंच मागितलं मी."

वाइनमधला कुणी माझ्या तोंडात राहायला आलाय, हे सांगायचं? त्यानं मान हलवली. मनाशी मात्र हिशेब पक्का केला. भरवायचं हातानं. तोंडाचा संबंधच येऊ द्यायचा नाही. खिरीची चव बघायची नाही, पुट्टीची पापी घ्यायची नाही, तिच्याशी बोलायचंसुद्धा नाही. चमचा उकळून घ्यायचा. हातात काही नाही, जे आहे ते तोंडात आहे. हात तर आपलेच आहेत.

७

रविवारी सकाळी दहालाच घर भरलं. कागलची माणसं आली, स्वामी आले, त्यांनी पुट्टीच्या कपाळाला विभूतीची तीन बोटं ओढली. खणाचं झबलं घालून ती आईच्या मांडीवर बसली होती आणि समोरच्या चांदीच्या वाटीकडं झेप घेत होती. गूळ घालून आटवलेली गव्हाची खीर, गाळून पातळ केलेली. वेलचीचा वास जिन्यापर्यंत गेला होता.

श्रीशैलनं चार वेळा हात धुतले. सकाळपासून तो कुणाशी अक्षर बोलला नव्हता. आतला स्वस्थ नव्हता. वास आल्यापासून जीभ सारखी दातांच्या मागून फिरत होती.

"आधी तू चव बघ रे," शांतव्वा म्हणाली. "तुझ्यासारखी जीभ कुणाची हाय? गोड कमी-जास्त असंल तर सांग."

त्यानं मान हलवली. हातानंच पुट्टीकडं दाखवलं, पहिली तिची. कागलच्या बायकांना ते फार आवडलं. "मामा बघा कसा हाय," कुणीतरी म्हणालं. शांतव्वानं पदरानं डोळे टिपले.

चमचा भरला. पुट्टीनं दोन्ही हात आपटले, बोळकं उघडलं आणि मामाकडं बघून हसली. तीन दिवसांनी मामा इतका जवळ आला होता. त्याच्या छातीत असं काही भरून आलं, की क्षणभर तो सगळं विसरला.

"गरम असंल बघ, अण्णा," रक्षिता म्हणाली.

चमच्यातून वाफ येत होती. त्यानं चमचा तोंडाशी नेला आणि फुंकर मारली.

केवढीशी फुंकर! कुठलाही मामा मारेल, कुठलीही आजी मारेल. लेकराला चटका बसू नये म्हणून दुनिया मारते. ओठांचा चंबू झाला, हवा गेली, खिरीवर एक बारीक सुरकुती उठली. चमचा पुट्टीच्या तोंडात गेला आणि रिकामा बाहेर आला. टाळ्या वाजल्या, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. आपण काय केलं, हे त्याला फोटोच्या उजेडात कळलं.

८

तोंड हलकं झालं होतं.

तो तसाच उठून स्वयंपाकघरात गेला. माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि प्याला. पाणी पाण्यासारखं लागलं. गार, कोरं, मातीचा जरासा वास. दुसरा तांब्या प्याला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते आनंदाचं आहे हे लक्षात येऊन त्याला स्वतःचीच इतकी घाण वाटली, की हातातला तांब्या मोरीत पडला.

बाहेर पुट्टी रडायला लागली होती.

रक्षितानं दुसरा चमचा दिला होता आणि पोरीनं तो थुंकला होता. सगळे हसत होते. नवी चव हाय, पहिल्यांदा असंच करत्यात, कागलची जाऊ सांगत होती. रक्षितानं हसत तिला पदराखाली घेतलं. पुट्टी दुधाला झोंबली आणि लगेच सुटली. दूध हनुवटीवरून झबल्यावर आलं. पुन्हा लावली, पुन्हा सुटली. या वेळी तिला उमासा आला. सहा महिन्यांच्या त्या एवढ्याशा तोंडावर जी किळस आली, ती लहान मुलाची नव्हती. श्रीशैलनं ती चार दिवस मोरीवरच्या आरशात बघितली होती.

"अण्णा, असं का करायलीय ही?" रक्षिताचं हसू थांबलं. "दूध कधी टाकत न्हाय ही. अण्णा, बघ की रे!"

तो गुडघ्यावर बसला. पुट्टी जीव खाऊन रडत होती, तोंड सताड उघडं, हिरड्या कोऱ्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. रडणं तिचं होतं. आत जीभ मात्र रडत नव्हती. ती सावकाश, काही घाई नसल्यासारखी, एका गालातून दुसऱ्या गालात जात होती. मग मुलीचा श्वास अडकला, आणि त्या गप्प क्षणात ओठांच्या कोपऱ्यातून थोडी हवा आत ओढली गेल्याचा बारीक आवाज त्यानं ऐकला. बाकी कुणी ऐकला नाही.

त्यानं तिच्या झबल्यावर सांडलेली खीर बोटानं पुसली आणि तोंडात घातली. हनुवटीवरची घेतली. गळ्याच्या वळीतली घेतली.

"काय करतोस श्रीशा!" शांतव्वा ओरडली. "उष्टं हाय ते!"

त्यानं ऐकलं नाही. घोट जिभेवर पसरला, डोळे मिटले, वाट बघितली. ये, तो मनात म्हणत होता. माझ्याकडं ये, मी जन्मभर पेज पिईन, ये. तिच्या ओठांजवळ तोंड नेऊन त्यानं हवा आत ओढली, पुन्हा ओढली. बायका मागं सरकल्या, सोमेशनं त्याचा खांदा धरला. तोंडात ऊब येईना. साय येईना. दुसरं कुणी येईना.

पुट्टीनं थुंकलेली ती खीर फार सुरेख झाली होती. गोड, दाट, ताजी. तिला कुणाचंच तोंड लागलेलं नव्हतं.